एकट्याने राहायला लागल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच घराबाहेर, स्वतःच्या जिवावर राहायला लागलेली मुलंमुली मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना वाटतं की आपल्या हातात कसब नाही. पण चिरणं, धुणं, इस्त्री करणं चार वेळा केलं की अंगवळणी पडतं. खरी अडचण वेगळीच असते: पाइप फुटल्यावर कॉक शोधायला लागायचं, ताप चढल्यावर डॉक्टरचा नंबर विचारायचा, पैसे संपल्यावर हिशोब मांडायचा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही वेळ टाळता येते. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये म्हणूनच ‘आधी काय बघून ठेवायचं’ यावर माझा भर आहे.

नव्या जागेत गेल्यावर सगळ्यात आधी काय करू?

खोकी उघडण्याआधी तीन गोष्टी शोधा. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, विजेचा मेन स्विच कुठे आहे आणि गॅस कुठून बंद होतो. नुसतं बघून थांबू नका. कॉक स्वतःच्या हाताने फिरवून पाणी खरंच थांबतं का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो आणि ते नेमकं पाणी वाहत असताना कळतं. विजेच्या बोर्डावरचा एकेक एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली करून कुठले दिवे आणि प्लग बंद होतात ते बघा आणि तिथेच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग फोटो काढा. प्रत्येक भिंत, फरशीवरचे डाग, खिडकीची तडकलेली काच, सिंकखालची जागा, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे. हे फोटो त्याच दिवशी घरमालकाला पाठवून द्या, म्हणजे तारखेची नोंद आपोआप होते. माझ्या पहिल्या भाड्याच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग आधीपासून होता. सोडताना तो माझ्या नावावर लागला आणि अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले गेले. मी खरं बोलत होते, पण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते पैसे जाण्यापेक्षा ती हतबलता मला जास्त लागली.

भाडेकरार एवढा लांबलचक असतो. सगळा वाचायचा?

हो, सगळा. वेळ कमी असेल तर निदान ही कलमं तरी दोनदा वाचा: अनामत रक्कम कधी आणि कशातून कापली जाईल, घर सोडायची सूचना किती दिवस आधी द्यायची, मुदतीआधी सोडलं तर काय, भाडं कधी आणि किती वाढेल, दुरुस्तीचा खर्च कोणाचा. तोंडी दिलेलं आश्वासन (‘रंग लावून देतो’, ‘गीझर बदलून देतो’) करारात नसेल तर निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. आणि सही केलेली प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पगार येतो आणि महिन्याच्या वीस तारखेला खातं रिकामं होतं. चुकतंय कुठे?

उधळपट्टी हे उत्तर क्वचितच खरं असतं. मी ज्यांच्याबरोबर बसून हिशोब मांडला आहे, त्यांच्यात बहुतेकदा दोन गळत्या सापडल्या.

पहिली गळती वार्षिक खर्चांची. विम्याचा हप्ता, परीक्षेची फी, गावी जाण्याचं तिकीट, चपला, चष्मा हे खर्च दर महिन्याला येत नाहीत म्हणून आपण ते धरतच नाही. पण वर्षात ते येणारच असतात. कागदावर अशा सगळ्या खर्चांची यादी करा, बेरजेला १२ ने भागा आणि येईल तो आकडा पगार झाल्याबरोबर वेगळ्या खात्यात टाका. ज्याला आपण ‘अचानक आलेला खर्च’ म्हणतो, त्यातला निम्मा या यादीत सापडेल.

दुसरी गळती आठवड्यांची. आपण महिना चार आठवड्यांचा धरतो. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. फेब्रुवारी सोडला तर प्रत्येक महिन्यात दोन-तीन दिवस वर उरतात आणि वर्षाला ५२ आठवडे भरतात, ४८ नाही. त्यामुळे आठवड्याचं बजेट काटेकोर पाळणाऱ्यालाही शेवटी ओढाताण होते. यावर माझा उपाय सोपा आहे. भाडं, बिलं आणि बचत बाजूला काढल्यावर जे उरतं, त्याला महिन्याच्या उरलेल्या दिवसांनी भागायचं. हा भागाकार दर रविवारी नव्याने करा. आज खर्च जास्त झाला तर उद्याचा आकडा थोडा खाली येतो. एवढं डोळ्यांसमोर असलं की हात आपोआप आखडता होतो.

पहिला महिना काहीही कमी करू नका, फक्त लिहा. काय कमी करायचं ते लिहिलेलं वाचल्यावर कळेल.

क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरली तर चालतं ना?

दंड लागत नाही, एवढंच. व्याज चालूच राहतं. समजा १०,००० थकले आहेत आणि व्याज महिन्याला ३ टक्के आहे. पहिल्या महिन्याचं व्याज झालं ३००. तुम्ही किमान रक्कम म्हणून ५०० भरले, तर त्यातले ३०० व्याजातच गेले आणि मूळ कर्ज फक्त २०० ने कमी झालं. काहीच भरलं नाही तर? ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ७२ भागिले ३६ म्हणजे २. दोन वर्षांत दुप्पट!

म्हणून कार्ड वापरायचंच असेल तर पूर्ण बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल अशी सोय करा. थकबाकी आधीच असेल तर त्या कार्डावर नवी खरेदी बंद करा आणि सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. त्याच्या बरोबरीने थोडी रोख बाजूला पडू द्या. तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाएवढी रक्कम साठवा असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो योग्यच आहे, पण सुरुवातीला एका महिन्याचं भाडं हेच लक्ष्य धरा. तेवढं जमलं तरी रात्री झोप लागते.

स्वयंपाक अजिबात येत नाही. कुठून सुरुवात करू?

पदार्थांपासून नको, क्रियांपासून करा. एक धान्य शिजवणं, एक कडधान्य शिजवणं, एक भाजी परतणं आणि अंडं खात असाल तर ते उकडणं. या चारांच्या जोरावर महिने निघतात. आच मध्यम ठेवा, नवशिक्यांचं बहुतेक जळतं ते मोठ्या आचेमुळे. मीठ एकदम न घालता दोन-तीनदा घाला आणि दर वेळी चव बघा.

सुरी धारदारच हवी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरून बोटावर येते. विळीसारखं पातं असो की सुरी, भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून धरा, म्हणजे पात्याला पेरं लागतील, टोकं नाही. चिरायच्या फळीखाली ओलं फडकं अंथरलं की फळी सरकत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते: राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नका. त्यात एक विषारी प्रथिन असतं. भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळला आणि मग मऊ शिजवला की ते निकामी होतं. नुसत्या मंद आचेवर ते होत नाही.

उरलेलं अन्न किती वेळ चालतं? वास ठीक असेल तर खाऊ ना?

वासावर विसंबू नका. अन्न नासवणारे आणि आजारी पाडणारे जंतू वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे पोट बिघडवणाऱ्या अन्नाला कधीकधी काहीच वास नसतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्याच्या काहिलीत एका तासात. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या आत ठेवा आणि तीन-चार दिवसांत अन्न संपवा.

भाताबद्दल लोक सगळ्यात बेफिकीर असतात. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे ‘सकाळी चांगला परतून घेतला होता’ याने काही होत नाही. भात उरला तर पसरट भांड्यात काढा, लवकर निवतो, आणि मग फ्रिजमध्ये ठेवा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर?

पाणी ओतायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करा, वर झाकण किंवा मोठी ताटली सरकवा आणि कढई गार होईपर्यंत झाकण उचलू नका. कढई हलवू नका. आग झाकणाबाहेर गेली असेल तर सामानाचा विचार न करता बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला फोन करा.

हात भाजला तर लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरा, २० मिनिटं. घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. चेहऱ्यावर, सांध्यावर, हाताच्या पंजावर भाजलं असेल किंवा जखम आपल्या तळहातापेक्षा मोठी असेल तर डॉक्टरांकडे जा.

रात्री कुठून तरी पाणी टपकतं. प्लंबर बोलावण्याआधी मी काय बघू?

आधी गळती कुठली आहे ते शोधा, कारण प्लंबरलाही तेच शोधायचं असतं आणि तुम्ही नीट सांगितलंत तर तो योग्य सामान घेऊन येतो. माझी पद्धत सांगते. सिंकखालचं सगळं सामान बाहेर काढायचं, पाइप आणि जोड फडक्याने कोरडेठाक पुसायचे. मग टिश्यूचा सुका तुकडा एकेका जोडावर टेकवायचा, वरून खाली. पाणी खाली ओघळतं, त्यामुळे ओलं दिसतं ती जागा आणि गळते ती जागा एकच नसते. एकदा मी तळातला ट्रॅप (सिंकखालच्या पाइपचा वळणदार भाग) गळतोय असं धरून त्याच्या नटाशी झटत बसले होते. टिश्यू मात्र भिजला तो वीतभर वर, लवचीक पाइप नळाला जिथे जोडतात त्या नटाशी. तिथे एक थेंब तयार व्हायचा, पाइपवरून घरंगळत यायचा आणि ट्रॅपच्या टोकावरून टपकायचा. नट हाताने पाव फेरा आवळला आणि थांबलं.

नट आवळायचा तो पाव-अर्धा फेरा, जोर लावून नाही. प्लास्टिकचा नट पान्याने कचकचून आवळला की तडकतो. नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असेल तर बहुतेकदा आतला वॉशर झिजलेला असतो. मेन कॉक बंद करून तो बदलता येतो. नव्या धाटणीच्या नळात वॉशरऐवजी कार्ट्रिज असतं, तेव्हा जुनं काढून दुकानात नमुना म्हणून न्या.

किती पाणी जातंय ते मोजायचं असेल तर खाली कप ठेवा, दहा मिनिटांत जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. तो झाला दिवसाचा आकडा. तो घरमालकाला सांगितला की दुरुस्ती लवकर होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एमसीबी सारखा पडतो. पुन्हा वर केला की झालं?

एकदा वर करून बघा, तेही त्या सर्किटवरची उपकरणं काढून. लगेच पुन्हा पडला तर दोष वायरिंगमध्ये असू शकतो. वायरमन येईपर्यंत तसाच राहू द्या. एकेक उपकरण लावताना पडला तर ते उपकरण दोषी, किंवा भार जास्त. हिशोब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. एक्स्टेंशन बोर्डावर त्याची क्षमता लिहिलेली असते, ती वाचा. हीटर, गीझर, इस्त्री भिंतीतल्या प्लगलाच लावा. प्लग गरम लागला किंवा जळका वास आला तर तो वापरणं तिथेच थांबवा.

गॅसचा वास आला तर?

दिवा लावू नका, लागलेला बंदही करू नका. कुठल्याही स्विचमध्ये ठिणगी असते. फोन आत वापरू नका. हाताशी असेल तर गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर जा आणि बाहेरून फोन करा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे वर जातो.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. बंद खोलीत शेगडी, कोळसा किंवा नीट हवा न मिळणारा गॅस गीझर चालू असेल तर तो तयार होतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची खूण. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन कधीही झोपू नका.

टॉयलेट नीट निघावं म्हणून दोन-तीन क्लीनर एकत्र केले तर?

कृपा करून नको. ब्लीचमध्ये आम्ल (व्हिनेगर किंवा टॉयलेटचा आम्लयुक्त क्लीनर) मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना इजा करतात. एका वेळी एकच, आणि खिडकी उघडी.

कपडे धुताना रंग जातो, वास राहतो. काय चुकतं?

लेबल वाचा. पाण्याची बादली म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन, आणि कशावरही फुली म्हणजे ते करू नका. नवे गडद कपडे पहिले दोन-तीनदा वेगळे धुवा. वास राहतो तो बहुधा दोन कारणांनी: मशीन गच्च भरलेलं किंवा पावडर जास्त. रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. धुणं झाल्यावर मशीनचं दार उघडं ठेवा.

एकटी असताना ताप आला. औषध किती घेऊ, कधी डॉक्टरांकडे जाऊ?

आजारी पडण्याआधी तीन गोष्टी घरात असू द्या: थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं. निरोगी प्रौढाने २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त आठ गोळ्या, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर ठेवून. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल तर मर्यादा त्याहून कमी असते, डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतंच. पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय दोन गोळ्या एकत्र घेऊ नका, कारण जास्तीचा मारा थेट यकृतावर होतो आणि पहिल्या दिवशी तो जाणवतही नाही. जुन्या उरलेल्या अँटिबायोटिकला हात लावू नका, विषाणूंवर ती चालत नाहीत.

जुलाब होत असतील आणि पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या.

तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, मान आखडणं, गोंधळल्यासारखं होणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर लगेच, रात्र असली तरी. आणि ताप आला की कोणाला तरी कळवा. ‘सकाळी नऊला मेसेज आला नाही तर फोन कर’ एवढं पुरतं.

पासवर्ड आणि कागदपत्रं कशी सांभाळू?

आधी ईमेल पक्कं करा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात, म्हणजे ती सगळ्या घराची किल्ली. लांब पासवर्ड, इतर कुठेही न वापरलेला, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री. बाकीच्यांसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. ओटीपी कोणालाही सांगू नका. घाई करणारा, घाबरवणारा फोन आला तर ठेवून द्या आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. कागदपत्रांच्या तीन प्रती: मूळ, स्कॅन, आणि एक दुसऱ्या ठिकाणी विश्वासाच्या माणसाकडे.

आम्ही तिघं एकत्र राहतो. भांड्यांवरून रोज कुरबुर होते.

‘सगळ्यांनी मिळून करूया’ म्हटलं की ते काम कोणाचंच राहत नाही. काम नेमून द्या आणि ‘झालं’ म्हणजे काय तेही ठरवा. एकासाठी भांडी घासली की काम संपतं, दुसऱ्याला ओटा पुसलेला आणि सिंकमधला गाळ काढलेला हवा असतो. भांडण बहुतेक याच फरकाचं असतं. बोलायचं ते राग आलेला नसताना, समोरासमोर.

संध्याकाळी घर खायला उठतं.

हे बहुतेकांना होतं, पण फार थोडे बोलून दाखवतात. पहिले काही महिने संध्याकाळ मोकळी सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी, त्याच लोकांबरोबर काहीतरी करा: खेळ, वर्ग, वाचनालय, काहीही. ओळख होते ती तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसल्याने. सात तास तरी झोपा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणं, झोप, काम यातलं काहीच धड होत नसेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ताच कोणालातरी सांगा. एकटं राहू नका.

एवढ्यातेवढ्यासाठी घरी फोन करायची लाज वाटते.

करा फोन. फक्त ‘काय करू?’ ऐवजी ‘तुम्ही हे कसं करता?’ असं विचारा आणि सांगतील ते वहीत उतरवून घ्या. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अजून आईने फोनवर सांगितलेलं आहे: पाणी किती, आच कुठली, किती वेळाने झाकण काढायचं. त्याच पानाच्या मागे महत्त्वाचे पाच नंबर शाईने लिहून ठेवले आहेत, मोबाइल बंद पडला तर शेजारच्या फोनवरून लावायला.